टाकी गाळाने भरली आहे, कॅनवर इंजिन चालवून होडी खाडीत न्यायची आहे. जोडणी कशी करावी?

गलबत
नमस्कार मंडळी. होडी २९ फुटी, शिडाची. इंजिन यानमार २जीएम२०, दोन सिलिंडर, लिफ्ट पंप (टाकीतून डिझेल ओढणारा) मेकॅनिकल. टाकी स्टेनलेसची, ६० लिटर, कॉकपिटखाली, तपासणीचं झाकण नाही. सध्या अपोलो बंदरासमोर मुरिंगवर (तळाशी नांगरलेल्या बोयाला बांधलेली).

लक्षणं अशी: इंजिन पटकन सुरू होतं, पंधरा-वीस मिनिटं झकास चालतं, मग आरपीएम झोके घेतात आणि ते हळूहळू मरतं. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. प्रायमरी फिल्टरच्या (टाकी आणि लिफ्ट पंपामधल्या पहिल्या गाळणीच्या) वाटीत काळा चिकट गाळ आणि बोटभर पाणी निघालं. काडतूस (फिल्टरचा आतला गाळणारा भाग) बदललं, तासाभरात पुन्हा तेच.

टाकी साफ करायची तर बाहेर काढावी लागेल आणि ते होडी वर घेतल्यावरच जमेल. मे संपायच्या आत धरमतर खाडीत न्यायची आहे. रेवसच्या तोंडापर्यंत साधारण ८ सागरी मैल, पुढे खाडीत तासभर. टाकीला हात न लावता २० लिटरच्या कॅनवर इंजिन चालवायचा विचार आहे. शंका अशा:
१. कॅन प्रायमरी फिल्टरच्या आधी जोडू की थेट लिफ्ट पंपाला?
२. परतीची नळी (इंजिनात न जळलेलं डिझेल मागे नेणारी) सध्या टाकीत जाते. ती तशीच राहू द्यावी का?
३. कॅन इंजिनाच्या वर असावा की खाली?
४. आउटबोर्डची (होडीमागे लटकवायच्या पेट्रोल इंजिनाची) लाल टाकी बल्बसकट (हाताने दाबायच्या रबरी पंपासकट) पडून आहे. तीच वापरली तर?

नोझलवाला
चौथ्या शंकेपासून सुरू करतो. ती टाकी नको. तळाशी कपभर पेट्रोल राहिलं तरी डिझेलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते तो) झपकन खाली येतो. आपल्या मानकात डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश सेल्सिअस आहे, युरोपात ५५ च्या पुढे. मे महिन्यात बंद इंजिनखणात ३५ अंश सकाळी नऊलाच होतात, म्हणजे आपल्याकडे हात राखून काही उरतच नाही. पेट्रोलमुळे डिझेलचा वंगणपणाही जातो आणि इंजेक्शन पंपाला वंगण डिझेलचंच असतं. शिवाय त्या टाकीला परतीचं तोंड नसतं आणि पटकन-जोड कनेक्टरची ओ-रिंग जुनी असली की ती हमखास हवा ओढते. बल्ब मात्र उपयोगी आहे. नवा, डिझेलला चालणारा घ्या.

कॅन: नवा, जाड एचडीपीईचा, २० लिटर. कॅनबरोबर एक जादा झाकण घ्या. मूळ झाकण डिझेल भरून नेताना आणि दुसरं, भोकं पाडलेलं, चालवताना. त्या झाकणात तीन वाटा हव्यात.

पहिली ओढीची: ८ मिमी आतल्या मापाच्या नळीला बसेल असा स्टील किंवा अॅल्युमिनियमचा पाइप, टोक तिरकं कापलेलं, तळापासून २०–२५ मिमी वर. सरळ कापलं आणि पाइप खाली सरकला तर तो तळाला चिकटतो आणि इंजिन उपाशी मरतं. तळाचं पाणी-कचरा ओढला जाऊ नये म्हणूनही ते अंतर हवं. जस्ताचा मुलामा असलेलं, म्हणजे जीआयचं, काही वापरू नका. डिझेलशी जस्ताचं पटत नाही, त्याचे साबणासारखे क्षार होऊन नोझलवर बसतात.

दुसरी परतीची: ६ मिमी पुरे. हिचं टोक ओढीच्या पाइपापासून लांब ठेवा, नाहीतर परतीबरोबर आलेले बुडबुडे लगेच पुन्हा ओढले जातात.

तिसरी श्वासाची: ३ मिमीचं भोक. लोक हेच विसरतात. भोक नसेल तर अर्ध्या तासात कॅनचे गाल आत जातात, झोके सुरू होतात आणि खापर फिल्टरवर फुटतं.

सांध्यांना टेफ्लॉन टेप लावू नका. तिचा धागा इंजेक्शन पंपात गेला की काम वाढलं. डिझेल सोसणारा द्रव सीलंट किंवा तांब्याचा वायसर.

नळी डिझेलची काळी रबरी, ८ मिमी, दीड ते दोन मीटरपेक्षा लांब नको. क्लिपा स्क्रूच्या, जुनं टोक एक इंच कापून ताज्या रबरावर. बागेची पारदर्शक नळी गरम इंजिनाजवळ मऊ पडते आणि ओढीने चपटी होते. बुडबुडे पाहायला फिल्टर आणि पंपाच्या मध्ये बोटभर पारदर्शक तुकडा हवा तर ठेवा, पण चाचणीपुरताच.

आता पहिली शंका. निघताना कॅन प्रायमरी फिल्टरच्या आधीच हवा, कारण पाणी वेगळं करणारी जागा तीच आहे. वाटी पूर्ण रिकामी करा, पुसा, नवं १० मायक्रॉनचं काडतूस घाला, वरचं गॅस्केटही नवं. टाकीकडून येणारी नळी सोडली की तिच्यात बूच मारा आणि टाकीचा कॉक बंद करा. नुसता कॉक बंद करून भागत नाही, जुने कॉक पाझरतात.

परतीचं: ती कॅनमध्येच आणा. २जीएमची परती म्हणजे नोझलांची गळती, थेंब थेंब. खराब टाकीत गेली तरी कॅन रिकामा होणार नाही. पण दुसऱ्या कुणी हे वाचून वेगळ्या इंजिनावर केलं तर पंचाईत, कारण काही इंजिनं जाळतात त्याहून जास्त डिझेल परत पाठवतात. तिथे कॅन तासाभरात कोरडा आणि मूळ टाकी भरून व्हेंटमधून समुद्रात. काही इंजिनांत परतीची नळी फिल्टरलाच जोडलेली असते, तिथे काहीच करायचं नाही. कशीही असो, परतीला बूच मारायचं नाही. दाब वाढून नोझलवरच्या बारीक नळ्या निसटतात आणि डिझेल गरम इंजिनावर.

डिझेल किती: २२००–२४०० आरपीएमला ताशी दीड-दोन लिटर धरा, पूर्ण ताकदीला चारच्या आसपास. तीन तासांचे सहा. तरी कॅन पूर्ण भरा, कारण तळचे दोन लिटर मोजायचे नाहीत आणि होडी कलली की ओढीचा पाइप आणखी लवकर उघडा पडतो. जादा दहा लिटर मूळ झाकणाच्या कॅनमध्ये वेगळं ठेवा. डिझेल आदल्या दिवशी आणून रात्रभर हलवू नका. सकाळी वरचं तेवढं ओता.

भरलेल्या कॅनचं वजन १७ किलोच्या आसपास. कॉकपिटच्या कोपऱ्यात, खाली घमेलं, दोन बाजूंनी दोरी. इंजिनखणात ठेवायचा नाही. उंची म्हणाल तर डिझेलची पातळी लिफ्ट पंपाच्या बरोबरीने किंवा थोडी खाली. अर्धा मीटर खाली असली तरी पंप ओढतो.

उत्तर_समुद्र
नोझलवाल्यांचं बाकी सगळं मान्य, उंचीबद्दल माझं मत उलटं आहे. हॉलंडच्या कालव्यांतून भाड्याच्या होड्या फिरतात तिथे हा उद्योग नेहमीचा. निदान चाचणीला तरी कॅन पंपाच्या वर ठेवा.

कारण सोपं आहे. ओढीच्या बाजूचा सांधा सैल असेल तर डिझेल गळत नाही, हवा आत जाते. सांधा कोरडा ठणठणीत दिसतो आणि इंजिन हवा खात राहतं. तासन्‌तास शोधलं तरी सापडत नाही. कॅन ४०–५० सेंटीमीटर वर उचलला की त्याच सांध्यातून थेंब बाहेर येतो. सांध्यांखाली वर्तमानपत्राचा कागद अंथरा, दहा मिनिटं थांबा, डाग सांगेल.

तेवढ्या उंचीने दाब किती येतो? ०.०४ बार. ताशी दोन लिटरला भरपूर. लिफ्ट पंप मेला असला तरी एवढ्यावर इंजिन चालतं.

नोझलवाला
चाचणीला वर, हे कबूल. पण निघताना वर ठेवण्यात दोन धोके आहेत आणि ते तुम्ही लिहिले नाहीत.

एक, नळी निसटली की सायफन. वीस लिटर बिल्जमध्ये (होडीच्या तळात) आणि बिल्ज पंप ऑटोवर असेल तर तिथून बंदरात. त्यामुळे कॅनच्या तोंडाशीच कॉक हवा, इंजिनाशी नव्हे. बिल्जचा ऑटो स्विच प्रवासात बंद आणि दर वीस मिनिटांनी डोळ्याने पाहणी.

दोन, लिफ्ट पंपाचा आतला रबरी पडदा फाटलेला असेल तर वरून येणारं डिझेल सरळ इंजिनाच्या ऑइलमध्ये. इंजिन बंद असतानाही. जोडणीआधी ऑइलची काडी पाहा, पातळी लिहून ठेवा, चाचणीनंतर पुन्हा पाहा. वर चढली असेल, काडीला डिझेलचा वास असेल तर इंजिन फिरवायचंच नाही. पातळ ऑइलवर बेअरिंग जातात.

उत्तर_समुद्र
बरोबर, पडद्याचं राहिलंच. तसं निघालं तर लिफ्ट पंप पूर्ण वगळायचा. कॅन वर, प्रायमरी, मग थेट इंजिनावरचा बारीक फिल्टर. ऑइल मात्र आधी बदलून.

आणि कुणी १२ व्होल्टचा पंप लावणार असेल तर कमी दाबाचा, ०.२–०.३ बारचा घ्या. ५ अँपियरचा फ्यूज आणि हाताशी स्विच. गाडीच्या पेट्रोल इंजेक्शनचा पंप ३ बार किंवा जास्त देतो. तो लावला तर चांगला पडदाही फाटेल.

गलबत
खूप आभार. जोडणी केली, कॅन सीटवर ठेवला. कागदावर एक डाग सापडला, प्रायमरीतून डिझेल बाहेर पडतं तिथल्या बंजो (पोकळ) बोल्टखाली. तांब्याचा वायसर बदलला, आता कोरडं आहे. काडीची पातळी तीच.

पण हवा निघत नाही. लिफ्ट पंपाची छोटी हाताची दांडी ढिली वाटते, दाबली तरी काहीच येत नाही. पंप गेला का?

सागरगोटी
बहुधा नाही. पंपाला ढकलणारा कॅम उंचीवर थांबलेला असतो तेव्हा दांडी अशीच पोकळ लागते. पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून, डिकॉम्प्रेशनच्या (सिलिंडरमधला दाब सोडणाऱ्या) दोन्ही दांड्या उचलून, क्रँक एक फेरा फिरवा. इंजिन नेहमी फिरतं त्याच दिशेने. मग दांडीला जोर लागेल. तुमच्या नळीत बल्ब असेल तर दांडीची गरजही नाही. बल्बवरचा बाण इंजिनाकडे आणि दाबताना बल्ब उभा.

हवा काढण्याचा क्रम कॅनकडून इंजिनाकडे:
आधी प्रायमरीचा वरचा स्क्रू, वाटी काठोकाठ भरेपर्यंत. रिकामी वाटी ठेवून पंपाने भरायला बसलात तर हात दुखेल. वरचं झाकण काढून गाळलेलं डिझेल ओतणं सोपं.
मग इंजिनावरच्या फिल्टरचा स्क्रू. फेस येतो, मग थुंकत थुंकत, मग सलग धार. सलग धार आल्यावर पंप करता करताच स्क्रू आवळा. थांबून आवळलात तर बुडबुडा परत आत.
मग नोझलकडच्या जाड नळ्यांचे नट, १७ चा पाना, दोन्ही एक-एक फेरा ढिले. थ्रॉटल पूर्ण पुढे आणि स्टॉपची केबल पूर्ण आत. ती अर्धवट बाहेर असेल तर सेल मारत बसाल आणि नोझलला थेंब येणार नाही. सेल दहा सेकंद, मग मिनिटभर विश्रांती. दोन्ही नटांतून थेंब उडायला लागले की आवळा.
उडत्या धारेसमोर हात धरू नका. चिंधी गुंडाळा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. इंजिन पेट घेत नसताना सेल मारत राहिलं की समुद्राच्या पाण्याचा पंप पाणी ढकलत राहतो, पण ते बाहेर फेकायला एक्झॉस्टचा जोर नसतो. वॉटरलॉक मफलर (एक्झॉस्टच्या वाटेतला पाणी साठणारा डबा) भरतो आणि पाणी मागे सिलिंडरमध्ये येतं. हवा काढताना सी-कॉक (समुद्राचं पाणी आत घेणारा) बंद ठेवा आणि किल्लीवर त्याची चिठ्ठी बांधा. इंजिन धरलं की त्याच क्षणी कॉक उघडा, नाहीतर कोरडा इम्पेलर (पाण्याच्या पंपातलं रबरी चक्र) मिनिटा-दोन मिनिटांत पाती सोडतो. दोन माणसं असतील तर एक किल्लीवर, एक कॉकवर. आधीच बरेच सेल मारून झाले असतील तर मफलरचा तळाचा प्लग काढून पाणी सोडा, मगच पुढे.

सुरू झालं म्हणून लगेच मुरिंग सोडू नका. न्यूट्रलमध्ये इंजिनाला डिझेल इतकं थोडं लागतं की अर्धी तुंबलेली नळीही पुरते. मुरिंगवरच गिअर टाका, २२०० आरपीएम, अर्धा तास. दोर कुठे घासतोय ते पाहून. या अर्ध्या तासात आरपीएम पन्नासने जरी हलले तरी जोडणीत दोष आहे असं समजा.

प्रवासाचं: भरतीबरोबर जा. उधाणाला मुंबई बंदरात पाणी साडेचार मीटर आणि वर चढतं-उतरतं. रेवस-करंजाच्या तोंडाशी ओहोटीच्या विरुद्ध गेलात तर पाच नॉटची होडी तीनने सरकेल आणि तेवढ्या टप्प्याचा डिझेलचा हिशोब दीडपटीहून जास्त. भांगाचा (भरती-ओहोटीचा फरक कमी असतो तो) दिवस मिळाला तर उत्तम. बंदराबाहेर पडतानाच मेनसेल (मुख्य शीड) चढवून ठेवा आणि नांगर पुढे मोकळा. जहाजांच्या वाटेत इंजिन गेलं तर कॅनशी झटापट करायला वेळ नसतो.

नोझलवाला
सागरगोटींच्या यादीत एक भर. आत्ता टाकीत जंतुनाशक घालू नका, कुणी सांगितलं तरी. तो काळा गाळ म्हणजे पाणी आणि डिझेलच्या सीमेवर वाढलेली बुरशी आणि जिवाणू. औषधाने मरतात, पण मेलेला थर सुटून पापुद्र्यासारखा तरंगतो आणि ओढीच्या पाइपावर बसतो. गाळ आधी हाताने काढायचा, औषध नंतर, स्वच्छ टाकीत.

गलबत
दांडीचं तसंच होतं, एक फेरा फिरवल्यावर जोर आला. मुरिंगवर गिअरमध्ये ४० मिनिटं, २२०० ला, सुई हलली नाही. काडी जशीच्या तशी. कॅनमधून मोजून सव्वा लिटर गेलं.

याचा अर्थ इंजिनाकडचं सगळं ठीक आणि दोष टाकीतच, असंच ना? होडी वर गेल्यावर कामगाराला नेमकं काय सांगू?

नोझलवाला
प्रायमरीपासून पुढचं आता ठीक, इतकंच सिद्ध झालं. तो बंजो वायसर तुम्ही बदललात, म्हणजे एक दोष तिथेही होता. त्यामुळे टाकी काढण्याआधी अर्ध्या तासाची तपासणी करा, पैसे वाचतील.

वरची भरणाची टोपी सैल करून मूळ टाकीवर इंजिन चालवा. टोपी सैल असताना चालतं आणि घट्ट असताना मरतं, तर टाकीचा श्वास तुंबला आहे. व्हेंटच्या तोंडाशी मीठ किंवा कुंभारमाशीचं घर असतं. तार घाला.

तसं नसेल तर टाकीचा ओढीचा पाइप वर खेचून पाहा. बऱ्याच जुन्या टाक्यांत त्याच्या टोकाला बारीक जाळी असते. तुमच्या इंजिनाचं 'दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू' हे लक्षण तिचंच आहे. चालताना ओढीने गाळ जाळीला चिकटतो, थांबलं की सुटून खाली बसतो. ती जाळी कापून टाका. गाळायला प्रायमरी आहे, जिथे हात पोचतो. पाइप निघत नसेल तर डिंगीच्या (हवा भरायच्या छोट्या होडीच्या) पायपंपाने नळीतून टाकीकडे उलटी हवा मारा. गुडगुड ऐकू आलं की वाट मोकळी. पण ही तात्पुरती मलमपट्टी, गाळ आतच राहतो.

कामगाराला सांगायचं: टाकीच्या वरच्या पत्र्यावर हात जाईल एवढं, दीडशे मिमीचं तपासणी झाकण. मध्ये (डिझेल हिंदकळू नये म्हणून) आडवी पाटी असेल तर तिच्या दोन्ही बाजूंना एकेक. डिझेलच्या टाकीवर ग्राइंडर किंवा वेल्डिंग आत वाफ असताना नाही. टाकी होडीबाहेर, धुऊन, वारा खाऊन मग. तळाला निचऱ्याचा कॉक नसेल तर तोही याच वेळी, सगळ्यात खालच्या कोपऱ्यात.

उत्तर_समुद्र
आणि तुमचं कॅनचं झाकण फेकू नका. ओढीला एक तीन वाटांचा कॉक, परतीला एक, आणि कायमची पर्यायी जोडणी तयार. फक्त दोन्ही कॉक एकाच दांड्याने फिरतील असे बांधा. ओढ कॅनमधून आणि परती टाकीत, किंवा त्याच्या उलट, अशी गल्लत झाली की एक रिकामी होते, दुसरी वाहते.

गलबत
समजलं. शेवटचं एक: पोचल्यावर कॅनमध्ये दहाएक लिटर उरेल. टाकी होईपर्यंत चार महिने होडीतच ठेवू का?

सागरगोटी
नको. पावसाळ्यात अर्धा भरलेला कॅन रोज श्वास घेतो, आतल्या गालांवर दव धरतं आणि तळाशी पाणी जमतं. मूळ झाकण लावून लगेच घरी न्या, तळचे दोन लिटर सोडून बाकी कापडातून गाळून डिझेलवर चालणाऱ्या गाडीत ओता. तळचं बाटलीत भरून एक रात्र उभं ठेवा, पाणी वेगळं दिसलं तर नोझलवाल्यांनी सांगितलेलं श्वासाचं भोक झाकणात कुठे पाडलंय ते पाहा. वर तोंड करून असेल तर शिंतोडे तिथूनच गेलेत.